इचारून सांगते

दारात आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं नाही, असा माझ्या आईचा नियम आहे. ती म्हणते, “इचारून सांगते.” वडील होते तेव्हा “मालकांना इचारून सांगते” म्हणायची. वडील गेले तसं ‘मालकांना’ गळून पडलं, बाकीचं राहिलं. आता ती नेमकं कुणाला विचारते, हे कुणी विचारत नाही, कारण ती कुणालाच विचारत नाही हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. ‘इचारून सांगते’ म्हणजे नाही. ज्याला हे सांगितलं त्यानं पुढ्यातला चहा प्यायचा, गाडीला किक मारायची आणि दुसरं दार बघायचं. परत विचारायला यायचं नाही. आला तर त्याला आमच्याकडे लोचट म्हणतात.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण ह्या दोन शब्दांवरून झालं.

आमचं घर मुळशीत, चांद्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून. रानाचा मोठा तुकडा सोसायटीवाल्यांनी घेतला, तिथे आता इमारती उभ्या आहेत. उरलेल्याच्या कडेनं आईनं ओळीनं खोल्या बांधल्या. हिंजवडीत कामाला जाणारी लातूर-बीडकडची, अकोल्याकडची पोरं त्यात राहतात, एकदोन जोडपीही आहेत. खोली द्यायची की नाही हे आई ओट्यावर बसून ठरवते. गाव कुठलं, सणाला गावी जाता का, आईबाप हायेत का, त्यांना पैसे धाडता का. सगळी उत्तरं मनासारखी आली तरी एका गोष्टीवर घोडं अडतं. कडेवर लहान पोर असेल तर तिचं ठरलेलं. पोरं भिंतींवर रेघोट्या मारतात, टाकीचा नळ उघडा टाकतात. त्या जोडप्याला चहा मिळतो, पोराच्या हातावर शेंगदाणे आणि गूळ पडतो, आई त्याचा गालगुच्चा घेते, आणि मग म्हणते, “इचारून सांगते.”

मला लहानपणापासून ह्याचा राग. मी म्हणायचे, सरळ नाही म्हण ना, बिचाऱ्याला ताटकळत कशाला ठेवतेस. आई म्हणायची, “कोण ताटकळतंय? त्याला बी कळतंय की.” आणि खरंच कळत असायचं. माणूस उठायचा, “येतो मावशी” म्हणायचा आणि परत दिसायचा नाही.

आता मी स्वतः भाडेकरू आहे, तेही आयर्लंडमध्ये. एका लहानशा गावात म्हाताऱ्या माणसांचं केअर होम आहे, तिथे मी नर्स आहे. नवऱ्याशी माझं फाटलं तेव्हा पोरगी नुकती बोलायला लागली होती. तिला आईपाशी ठेवून मी गेले. मनात होतं, वर्षा-दोन वर्षांत घर घेऊ आणि पोरीला नेऊ. गेल्यावर कळलं की तिकडे नोकरी मिळते, घर मिळत नाही. मिळतं ते परवडत नाही, परवडतं ते आपण फोन करेपर्यंत दुसऱ्याचं झालेलं असतं. मी आजवर तिकडे ज्या जागांत राहिले त्या आईला कधी दाखवल्या नाहीत. एका ठिकाणी माझा पलंग जिन्याखाली होता, आणि वरून कुणी उतरलं की माझ्या तोंडावर धूळ पडायची. आईच्या सगळ्यात स्वस्त खोलीतसुद्धा असं कुणी राहत नाही. पगाराचा निम्म्याहून जास्त भाग भाड्यात जायचा आणि मी व्हिडिओ कॉलवर भिंतीचा जरा बरा कोपरा बघून बसायचे.

ह्या उन्हाळ्यात मात्र पोरीला न्यायचंच ठरलं होतं. तिची दुसरी संपली, व्हिसा आला, दोघींची तिकिटं काढली. एक छोटं घर ठरवून मी रजेवर मुळशीला आले. येऊन आठवडा झाला असेल नसेल, तिकडच्या घरमालकाचा मेसेज आला. घर विकायचं ठरलंय, तुम्हाला देता येणार नाही, सॉरी. एवढंच. सॉरी म्हणायला तिकडे कुणाचं काही जात नाही.

ओट्यावर बसून मी तो मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. घर नाही तर पोरीला नेणार कुठे? केरळची एक मैत्रीण तिच्या खोलीतला एक पलंग मला द्यायला तयार होती, पण एकटीला. त्या घरात मुलं चालत नव्हती. म्हणजे सरळ होतं. रजा संपायच्या आत जागा मिळाली तर दोघी जायचं. नाही मिळाली तर मी एकटीनं जायचं आणि पोरगी पुन्हा इथेच राहायची. अशी रजा मला लवकर मिळणार नव्हती. आणि पोरगी मोठी होत होती. गेल्या खेपेला मी आले तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली होती. ह्या खेपेला आजीच्या मागे उभी राहून, दोन दिवस लाजत होती. अजून दोन वर्षांनी ती मला पाहुण्यांना म्हणतात तसं ‘बसा’ म्हणेल, ही मला धास्ती होती.

तिनं तर सगळ्या खोल्यांत सांगून ठेवलं होतं की ती आयर्लंडला चाललीय. सायकल समोरच्या सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीला देऊन टाकली होती. शाळेत बाईंच्या पाया पडून आली होती. रोज उठून बॅग उघडायची, कपडे बाहेर काढायची आणि परत घडी घालून भरायची.

तिकडच्या नंबरचा माझा फोन घरातल्या वायफायवरच चालायचा, आणि त्यातल्या त्यात रेंज गच्चीवर. त्यांची सकाळ म्हणजे आपली भर दुपार. एप्रिलचं ऊन, गच्चीचा कोबा तापलेला, मी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन जिन्याच्या सावलीला बसायचे आणि परक्या मुलखातल्या लोकांना फोन करायचे. समोर सोसायटीच्या इमारती, पलीकडे सूसकडच्या टेकडीवर आणखी इमारती, कितीतरी खिडक्यांना अजून पडदेसुद्धा लागले नव्हते. एवढी घरं डोळ्यांसमोर आणि मला एक खोली मिळेना.

सगळीकडे तेच. आधी गोड बोलायचे, नर्स म्हटलं की खूश व्हायचे. मुलगी बरोबर आहे म्हटलं की आवाज बदलायचा. एकानं घर बघायच्या आधीच आगाऊ रक्कम भरा म्हणून सांगितलं, आणि घराचे फोटो तर तेच दुसऱ्या गावाच्या जाहिरातीत होते. एक बाई म्हणाली, मुलगी चालेल, पण स्वयंपाकघर वापरायचं नाही. मग पोरीला काय वाऱ्यावर वाढवू? एकानं तर माझं बोलणं संपायच्या आत फोन ठेवला. मी त्याला मराठीत चार शिव्या घातल्या, खाली अंगणात पाणी भरणाऱ्या पोरांनी वर बघितलं.

आई ताक घेऊन वर यायची. “मिळालं का?”

“नाही.”

“लवासात येवढी घरं मोकळी पडल्यात म्हणत्यात,” ती एकदा म्हणाली. “तितंच ऱ्हावा दोघी. मी डबा आणून देत जाईन.” ती हसली, मीही हसले. पण ती नुसती चेष्टा नव्हती, हे मला कळत होतं. आई एका बाजूनं आमच्यासाठी मेतकूट दळून आणत होती, पोरीच्या स्वेटरला बटणं लावत होती. दुसऱ्या बाजूनं रोज विचारायची, तितं शाळेत मारत्यात का, दूध कसलं असतंय, तू रातपाळीला गेलीस म्हंजी हिच्याजवळ कोण. तिनं ‘नेऊ नको’ असं एकदाही म्हटलं नाही. नाही म्हणणं तिच्या तोंडातच नाही.

शेवटी एक आशा दिसली. आमच्या केअर होममध्ये स्वयंपाक करणाऱ्या बाईनं तिच्या ओळखीची एक म्हातारी सुचवली. नवरा वारलेला, मुलगा जवळच शेती करतो, मोठं घर, वरच्या मजल्यावरची खोली रिकामी. शाळा चालत जाण्यासारखी. भाडं मला झेपेल असं. रातपाळीला मुलीकडे लक्ष ठेवीन, असंही ती म्हणाली होती म्हणे. मी मेसेज केला, तिनं लगेच कळवलं, उद्या व्हिडिओवर खोली दाखवते.

दुसऱ्या दिवशी आई ठेवणीतलं पातळ नेसून माझ्याआधी गच्चीवर येऊन बसली. मी म्हटलं, तू कशाला. ती म्हणाली, “मी खोल्या देतीया. मला खोल्या कळत्यात.” पोरीला दोघींच्या मध्ये बसवलं.

तिकडची म्हातारी पांढऱ्या केसांची, गालांवर लाली असलेली, बोलताना सारखी हसणारी. फोन हातात धरून ती धापा टाकत जिना चढली. खोली लहान होती, स्वच्छ होती. एक पलंग, एक कपाट, उतरत्या छपराला खिडकी.

“तिला म्हणावं नळ उघड,” आई म्हणाली.

“आई, गप्प बस गं.”

“उघड म्हणावं. नळ बघितल्याबिगर खोली घीऊ ने.”

मी शरमून सांगितलं. म्हातारी खळखळून हसली आणि नळ उघडून दाखवला.

“पाण्याला जोर हाय,” आई म्हणाली. मग तिला खिडकीतून गाई दिसल्या. ती फोनच्या इतकी जवळ गेली की तिकडच्या बाईला तिचं फक्त कुंकू दिसत असणार. “गाई धुतलेल्या हायेत बघ. गोठा झाडलेला हाय. बाई बरी हाय.”

पोरीनं शाळेतल्या इंग्रजीत नाव, इयत्ता सगळं सांगितलं. म्हातारीनं तिला विचारलं, तुला गाई आवडतात का. पोरगी म्हणाली, आवडतात, पण आमच्याकडे आता नाहीत, आजीनं विकल्या. म्हातारीला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. सगळं नीट चाललं होतं. आणि शेवटी ती म्हणाली, मला तुम्ही दोघी आलेल्या आवडतील, फक्त मी मुलाला विचारून सांगते.

फोन बंद झाला. आई म्हणाली, “काय म्हणाली?”

“मुलाला विचारून सांगते म्हणाली.”

आईनं पदर सारखा केला. ताकाचा गडवा उचलला, परत खाली ठेवला. “मंग न्हाई म्हणाली की.”

“हो.”

“पोरगं बघितलं आन बदलली. मी न्हाई का तसंच करत?”

आता कुणी म्हणेल, बाई, एवढी वर्षं तिकडे काढलीस आणि तुला एवढं कळू नये? कळतं की. कामावर कुणी ‘सांगते’ म्हटलं तर मी वाट बघते, आणि ते सांगतातही. पण हे घराचं बोलणं होतं. घराचं बोलणं मी आईच्या ओट्यावर शिकले, भाषा कुठलीही असो. आणि त्याआधी एवढे नकार पचवले होते की मला हा नकार वाटला नसता तरच नवल. मी त्या बाईला परत मेसेज केला नाही. लोचटपणा कशाला? उलट मला तिचा राग आला. नळ उघडून दाखवलास, माझ्या लेकीशी गाईंच्या गप्पा मारल्यास, आणि मग हे.

त्यानंतर मी आणखी फोन केले. काहीच हाती लागलं नाही. रजा संपत आली. पोरीच्या तिकिटाचं काय ते ठरवायला एका दुपारी मी वाकडच्या एजंटकडे निघाले. तिकडच्या नंबरचा फोन बाहेर काही कामाचा नव्हता, म्हणून तो नेहमीसारखा घरी ठेवला आणि आईचा घेतला. हिंजवडीच्या रस्त्यावर रिक्षा इतका वेळ एकाच जागी उभी होती की रिक्षावाला उतरून रसवंतीवर रस पिऊन आला. मी मात्र मनात म्हणत होते, बरंय, असंच अडकून राहू दे, ते ऑफिस बंद होऊ दे.

बंद झालं नाही. एजंट भला माणूस होता. “मॅडम, मुलीचं कॅन्सल करू का?” त्यानं विचारलं. मला ‘करा’ म्हणता येईना. 

“उद्या सांगते,” मी म्हटलं.

“उद्या दुपारच्या आत सांगा. नंतर माझ्या हातात काही नाही.”

घरी आले तेव्हा दिवस मावळायचा होता. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. पोरगी उंबऱ्यात बसली होती. मला बघून ती उठली आणि आजीकडे बघितलं. आईनं मान वर केली नाही.

मी पोरीला जवळ घेतलं. म्हटलं सांगून टाकू. रात्रभर मनात ठेवून मी वेडी झाले असते. म्हटलं, बाळा, ह्या खेपेला मम्मी एकटीच जाते. आपल्याला घर मिळालं नाही. घर मिळालं की लगेच तुला न्यायला येते.

ती रडली नाही. भुवया जवळ आणून माझ्याकडे बघत राहिली. “त्या गाईवाल्या आजीनं नाही म्हटलं?”

“हो.”

“कधी?”

“त्याच दिवशी. तू होतीस की.”

“त्या दिवशी ती विचारून सांगते म्हणाली होती.”

“तेच ते.”

“तेच ते कसं?” ती म्हणाली, आणि परत चुलीकडे वळली. “आजी, सांग ना गं.”

“ताटं घे,” आई म्हणाली. “भाकरी गार व्हतीया.”

मला वाटलं, पोरीला समजवायचं सोडून आई विषय बदलतेय, आणि तेवढ्यापुरतं मला ते बरंच वाटलं. कुणाला बोलायचं होतं? जेवताना तिघींपैकी कुणीही धड जेवलं नाही. आईनं तर भाकरीला हात लावला नाही. मला वाटलं, माझ्यासाठी तिचा जीव तुटतोय. मी तिला म्हटलंही, आई, जेव गं, ती तुझ्यापाशी आहे म्हणून तर मी निर्धास्त आहे. त्यावर ती उठून बाहेर गेली.

पहाटे कुठे माझा डोळा लागला; उठून, आंघोळ करून बाहेर आले तेव्हा अकरा वाजत आले होते. आई ओट्यावर पोरीला पुढ्यात घेऊन तिची वेणी घालत होती. फणी केसांत, रिबीन दातांत. मी पायरीवर बसले, आईचा फोन हातात घेतला, एजंटचा नंबर काढला. लावायचा म्हणून बोट उचललं, तेवढ्यात आतल्या फोनवर मेसेज वाजला. जाऊन आणला. तिकडच्या म्हातारीचा होता.

आधी फोटो. तीच उतरत्या छपराची खोली, पण पलंगाशेजारी आता आणखी एक छोटी खाट, तिच्यावर पिवळी चादर. खाली लिहिलं होतं, काल फोनवर तुमच्या मुलीला सांगितलं तसं माझ्या मुलाची काहीच हरकत नाही, त्यानं काल संध्याकाळी खाटही वर चढवली. आणखी एका बाईनं खोलीबद्दल विचारलंय. पण तुमच्या आईंना आधी कुणाला तरी विचारायचं आहे असं कळलं, म्हणून तिला मी थांबवून ठेवलंय. त्यांचं विचारून झालं का?

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हटलं, “काल फोन आला होता?”

आईचा हात थांबला. पोरगी मान खाली ठेवूनच बोलायला लागली, केस आजीच्या मुठीत होते ना. “तू वाकडला गेलीस तेव्हा आला होता. ती म्हणाली, मुलगा हो म्हणाला, या तुम्ही. मी आजीला सांगितलं. आजी म्हणाली, तिला म्हणावं इचारून सांगते. मग मी इंग्लिशमध्ये सांगितलं, माझी आजी विचारून सांगणार आहे. ती म्हणाली, बरोबर आहे, सावकाश विचारा म्हणावं. मी तुला सांगणार होते, पण आजी म्हणाली, मी सांगते.”

माझं डोकं सटकलं. “तू तिला नाही म्हणालीस?”

“व्हय,” आई म्हणाली. दातांतली रिबीन तिनं मांडीवर ठेवली. “न्हाईच म्हणाले. हिनं जशाच्या तसं सांगितलं आन तिला खरंच वाटलं. मी काय करू?”

“आणि मला? मला काय सांगणार होतीस?”

“सांगणार हुते.”

“कधी? मी विमानात बसल्यावर? मी काल ह्या लेकराला उंबऱ्यात बसवून सांगितलं, तुला नेत नाही म्हणून. तू चुलीपाशी बसून ऐकत होतीस. भाकऱ्या थापत होतीस.”

“ऐकत हुते.”

“मग तुझी जीभ का नाही उचलली?”

 मी थांबले नाही. जे बोलू नये ते सगळं बोलले. माझी लेक माझ्यापासून तोडायला निघालीस म्हणाले, मी तिकडे जिन्याखाली झोपून पैसे धाडले ते ह्यासाठी का म्हणाले. त्या जिन्याचं मी तिला इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. ओळीतल्या खोल्यांची दारं एकेक करून लोटली गेली. भाडेकरू शहाणे होते.

आई ऐकून घेत होती. मग एकदम म्हणाली, “ही गेली की मी कुणासंगं बोलू? तू गेलीस, ते गेले. आता ही. ह्या सगळ्या खोल्या भरल्यात, एकात बी माझं माणूस न्हाई.” तिचा आवाज चढला नाही. “मी चांगलं केलं असं न्हाई म्हणत. लई वंगाळ केलं. काल तू हिला सांगत हुतीस तवा मला तव्यावर हात ठिवावासा वाटला.”

मला त्या क्षणी तिची दया यायला हवी होती. नाही आली. माझ्या डोळ्यांसमोर ती पिवळी चादर होती, आणि वाकडच्या ऑफिसात ‘करा’ एवढी दोन अक्षरं माझ्या तोंडून गेली असती तर काय झालं असतं, तेच मनात फिरत होतं.  मी फोन तिच्यापुढे धरला.

“आता हिला काय लिहू? ती विचारतेय, विचारून झालं का. कुणाला विचारणार होतीस गं? दादांना?”

हे बोलायला नको होतं. वडिलांचं नाव असं कुणी काढत नाही आमच्याकडे.

आईनं पोरीच्या केसांतून फणी सोडवली. “त्यांना कशापायी इचारू? हुते तवा तरी कुटं काय बोलत हुते,” ती म्हणाली. तिनं केसांचे परत तीन पेड केले आणि वेणी पुढे घालायला लागली. “हिला इचारलं.”

“कधी?”

“आत्ता. तू न्हाणीत हुतीस तवा. हिला म्हणलं, तितं आजी न्हाई. खोली येकच हाय. थंडी हाय, आन आई कामाला गेली की त्या बाईपाशी ऱ्हावं लागंल. बघ बाई, तुझं तू सांग. जबरदस्ती न्हाई.”

पोरीची मान खाली, दोन्ही हातांनी फ्रॉकचा काठ गच्च धरलेला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मला आतापर्यंत घरमालकांची भीती होती, विमानाची होती, एजंटच्या दुपारची होती. पोरीला मी विचारलंच नव्हतं, तिला काय हवंय ते. बॅग भरत होती म्हणून गृहीत धरलं होतं.

“मग?” मी म्हटलं. “काय म्हणाली?”

आईनं मांडीवरची रिबीन उचलली, वेणीला गुंडाळली, गाठ मारली आणि ओढून बघितली. “जाते न्हाई म्हणाली.”

माझा हात खाली आला. फोन पायरीवर आपटला. मी पोरीकडे बघत राहिले.

आईनं रिबिनीचं फूल केलं, त्याच्या दोन्ही पाकळ्या सारख्या केल्या, आणि पोरीच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

“जाते न्हाई म्हणाली,” ती परत म्हणाली. “येते म्हणाली.” मग पदरानं नाक पुसलं आणि पायरीवरच्या फोनकडे बोट केलं. “लिव्ह त्या बाईला. म्हणावं, इचारलं.”